घोड्यांच्या गाडीतला दिवा

घोडे न्यायची खरी गाडी बघायची असेल तर पुण्याच्या रेसकोर्सवर जावं. पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला, त्यामुळे तिथले घोडे वर्षातून दोनदा घाट चढतात-उतरतात. त्यांच्या गाड्या चारी बाजूंनी बंद, आतून गादी मारलेल्या, कप्पे पाडलेल्या, आणि छताला रांगेत दिवे. आमच्या भोर-वेल्ह्याच्या बाजूला असलं काही नाही. इथे पिकअप घ्यायची, मागच्या हौद्याला लोखंडी अँगल आणि प्लायवूड मारून उंची वाढवायची, वर कमानी टाकून ताडपत्री ओढायची, तळाला रबरी मॅट अंथरायची, की झाली घोड्यांची गाडी. दिवाळीनंतर वरंधा घाटाने कोकणात उतरणाऱ्या धनगरांकडेही घोडे असतात, पण ते पायी जातात. भीमथडीचं ते काटक जनावर पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालतं, त्याला पिकअपची गरज नाही. गाडी लागते ती लग्नाच्या घोड्यांना, कारण त्यांचं काम एका रात्री नसरापूरला आणि दुसऱ्या रात्री खेड शिवापूरला.

माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. दुकान भोरमध्ये. ट्रॅक्टर, जीप, वडाप, शाळेच्या व्हॅन, जे येईल ते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली, त्यानंतर माझ्याकडे एक नवं गिऱ्हाईक सुरू झालं. शर्यतीच्या बैलांच्या पिकअप. बैलाला घोंगडं नसेल एक वेळ, पण हौद्यात निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या पट्ट्या हव्यातच. लोक हौसेने पैसे घालतात, मी हौसेने लावून देतो. पण खरं सांगायचं तर त्या पट्ट्यांच्या उजेडात बैलाचा पाय कुठे पडतो ते दिसत नाही. दिवा दाखवायला वेगळा आणि बघायला वेगळा. जनावराच्या गाडीत दुसरा लागतो, आणि नेमका तोच कोणी धड लावत नाही.

नाना वेल्ह्याकडचे. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचं ठरलंय, पण नानांच्या तोंडी वेल्हंच. दोन घोड्या, दोन्ही पांढऱ्या. थोरली अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली, शांत, बँडच्या भोंग्यासमोर कान न हलवणारी. धाकटी तरणी, नाचकाम शिकलेली आणि नखरेल. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, हौदा बांधून मिळालेला तसाच. विंझर, मार्गासनी, आंबवणे करत नसरापूरला उतरायचं, चेलाडीला हायवे धरायचा आणि कापूरहोळवरून भोरला यायचं, एवढा वळसा मारून नाना आले ते बाजाराच्या दिवशी.

"मिस्त्री, दिवा लागतोय, पण टिकत न्हाय," नाना म्हणाले. "तीन ठिकाणी दावला. एकानं बल्ब बदलला, एकानं बटन बदललं, एकानं फ्यूज. दिवा काय सुधारंना."

असं गिऱ्हाईक आलं की पोरं आधी टेस्टर उचलतात. मी आधी विचारतो. दिवा कधी जातो? पाऊस असताना, का कोरडं असताना? गाडी उभी असताना, का चालू असताना? हेडलाइट लावल्यावर फरक पडतो का? आणि जनावरांच्या गाडीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जनावर आत असताना जातो, का बाहेर? मागे ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनी हे विचारलं नव्हतं. नाना घोड्या घरी ठेवून रिकामी गाडी घेऊन यायचे, दुकानात दिवा लख्ख पेटायचा, आणि बदललेल्या बल्बचे पैसे देऊन नाना परत जायचे.

नानांनी थोडा विचार केला. "घोड्या चढल्या की बारीक होतो. आन बिरेक दाबला की पार मरतो. मागं पोर बसतं त्ये सांगतं."

निम्मा शोध तिथेच लागला. ब्रेक दाबल्यावर ब्रेकचा दिवा लागावा, हौद्यातला विझायचं काही कारण नाही. विझतो याचा अर्थ दोन्ही दिव्यांचा कुठेतरी एक सामाईक रस्ता आहे आणि तो अरुंद झालाय.

गेल्या लग्नसराईत पाबे घाटात काय झालं तेही नानांनी सांगितलं. रात्री उशिरा वरात आटोपून येताना उतारावर ब्रेक लागत होते, मागे हौद्यात उजेड येत-जात होता. धाकटी आधीच बँडने पेटलेली. तिने पुढचे पाय आपटायला सुरुवात केली, थोरलीला ढुशा दिल्या आणि मागचा पाय फाळक्याच्या कडीवर घासून सोलून घेतला. पोराने मोबाईलची बॅटरी लावून धरली तर ती आणखी बिथरली, कारण उजेड थेट डोळ्यात. डॉक्टरांकडे न्यावं लागलं. पुढची काही कामं थोरलीवर एकटीवर काढली.

मी गाडीखाली घुसण्याआधी वरचं पाहिलं. हौद्यात दोन दिवे होते, एक घोड्यांच्या तोंडाजवळ आणि एक मागे फाळक्याच्या वर. दोन्हींत कोणीतरी २१ वॅटचे बल्ब टाकलेले. हा बल्ब ब्रेकलाइटचा. उजेड भरपूर देतो म्हणून लोक आतही टाकतात, पण तो तापतो, आणि छोट्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये तर ते कव्हर वितळवतो. इथे वितळलं होतंच. फ्यूजच्या जागी फ्यूज होता, पण त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. दोन २१ वॅटचे बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात, पाच अँपिअरचा फ्यूज त्याला पुरतो. तो उडत असेल तर वायर कुठेतरी अंगाला लागतेय असं तो सांगत असतो. चांदी गुंडाळली की त्याचं तोंड बंद होतं, आणि पुढचा शॉर्ट होतो तेव्हा फ्यूजऐवजी वायर जळते. खाली वाळलेला कडबा, वर ताडपत्री, मध्ये बांधलेली दोन जनावरं. चांदी काढून मी नानांच्या हातात दिली. नाना काही बोलले नाहीत, पण ती त्यांनी खिशात ठेवली. ज्याने गुंडाळली त्याला दाखवायला असणार.

गाडीचं वायरिंग घरासारखं दोन तारांचं नसतं. बॅटरीच्या प्लसकडून दिव्यापर्यंत वायर जाते, आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड, यालाच आम्ही अर्थ म्हणतो. बल्बची दुसरी बाजू जवळच्या पत्र्याला स्क्रूने आवळायची, पत्रा चॅसिसला, चॅसिस बॅटरीच्या मायनसला. कंपनीतून आलेल्या गाडीत हे सगळं जोडलेलं असतं. भानगड हौदा बांधणाऱ्यापासून सुरू होते. तो चॅसिसवर हौदा ठेवताना मधे लाकडी पट्ट्या घालतो, दणके कमी बसावेत म्हणून, आणि यू-बोल्टने आवळतो. लाकडातून करंट जात नाही. म्हणजे आख्ख्या हौद्याचा परतीचा रस्ता त्या चार-सहा बोल्टांच्या आट्यांतून. नवे असताना चालतं. मग बोल्टाला गंज चढतो.

नानांच्या गाडीत एक गोष्ट आणखी होती. हौदा चॅसिसपेक्षा मागे लांबवलेला असल्यामुळे मागचे टेललॅम्प उचलून हौद्याच्या शेवटच्या अँगलवर बसवले होते, आणि त्यांची अर्थ त्याच अँगलला मारली होती. आतल्या दिव्यांची अर्थ कमानीला, कमानी त्याच अँगलला. ब्रेकलाइट, इंडिकेटर, हौद्यातले दिवे, सगळे परत जाताना एकाच गंजक्या बोल्टाच्या दारात उभे.

हे मी पाहिल्या पाहिल्या ओळखलं, पण ओळखणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. तीन वेळा पैसे घालवलेल्या माणसाला "अर्थ खराब आहे" एवढं सांगून पटत नाही. मी मीटरची काळी पिन लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या मायनसला लावली आणि लाल पिन हौद्यातल्या दिव्याच्या अर्थवर. दिवा चालू. या दोन टोकांत काहीच दिसायला नको, फार तर एखाद्या व्होल्टचा दहावा भाग. रिकाम्या गाडीत जेमतेम अर्धा व्होल्ट दिसला. गॅरेजच्या पोरांना हौद्यात चढवून उड्या मारायला लावल्या. आकडा थरथरायला लागला.

"घोड्या आणा," मी म्हणालो.

"इथं?"

"इथंच. त्यांच्या वजनाशिवाय ही गाडी खरं बोलणार नाही."

नाना पुढच्या वेळी दोघींना घेऊनच आले, भोरमध्येच एक काम होतं त्याला जोडून. दुकानासमोर गर्दी जमली. थोरली आत उभीच होती, धाकटी उतरवून पुन्हा चढवायची म्हटल्यावर फाळक्याशी अडली. चारी पाय रोवून, मान वर करून, नाकपुड्या फुलवून आतल्या अंधाराकडे बघत राहिली. नानांनी ओढाताण केली नाही. मोरकी सैल सोडली, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने ती स्वतःहून चढली.

दोघी आत गेल्यावर हौदा लाकडी पट्ट्यांवर दबला, बोल्ट किंचित सैल झाले, आणि मीटरवर चार व्होल्ट. म्हणजे बॅटरीच्या बारांपैकी चार व्होल्ट परतीच्या वाटेतच संपत होते आणि दिव्याच्या वाट्याला आठ. नानांच्या पोराला ब्रेक दाबायला सांगितला, आकडा सहाच्या घरात गेला. ब्रेकचे दोन बल्बही त्याच दारातून परत जायला लागले आणि आतल्या दिव्याला सहाच उरले. व्होल्ट निम्मे झाले की बल्बचा उजेड निम्मा होत नाही, तो पार दहाव्या हिश्श्यावर येतो. तार नुसती लालसर दिसते. मग मी जंप केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं हौद्याच्या अँगलला. दोन्ही दिवे भक्कन पेटले. ब्रेक दाबला, हलले नाहीत. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने "आरं तिच्या" म्हटलं आणि नाना पहिल्यांदा हसले.

नुसत्या टेस्टरवर विसंबणाऱ्यांना एक सांगतो. दिवा काढून, उघड्या होल्डरवर मीटर धरला तर तो १२ व्होल्ट दाखवतो, मग वायरची एकच तार शाबूत का असेना. मीटर स्वतः काही ओढतच नाही, म्हणून त्याला अरुंद रस्ता जाणवत नाही. काम चालू असताना, बल्ब जळत असताना मोजलं तरच तो रस्ता सापडतो. माझ्याकडे २१ वॅटचाच एक बल्ब होल्डरसकट दोन वायरींवर बांधलेला आहे, तो मी मीटरपेक्षा जास्त वापरतो. दिसायला भिकार आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही.

गाडी रिकामी करून आम्ही मॅट उचलली. तो वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. घोडीचं मूत मॅटच्या सांध्यातून खाली जातं आणि अँगलच्या कोपऱ्यात साचून राहतं. त्यातून अमोनिया सुटतो. लोखंड त्या ओलीने खरवडून निघतंच, पण तांब्याचं तो जास्त वाटोळं करतो. वायरचं टोक जिथे थिंबलमध्ये दाबलेलं होतं तिथे मोरचुदासारखी निळी-हिरवी भुकटी झाली होती, बोटाने दाबली तर उडाली. इथे वेल्ह्याच्या पावसाची भर. चार महिने ताडपत्री वाळतच नाही. इतर माल वाहणाऱ्या गाडीची अर्थ पाच-सात वर्षं टिकेल, घोड्यांच्या गाडीची दोन पावसाळ्यांत जाते, हा माझा अनुभव आहे. म्हणून अशा गाडीत तळाच्या अँगलला अर्थ मारायचीच नाही, कितीही सोपी वाटली तरी.

मी पत्र्यावरचा भरवसाच काढून टाकला. बॅटरीच्या मायनसवरून अडीच एमएमची काळी वायर फ्लेक्सिबल पाइपातून चॅसिसच्या कडेने मागे आणली, वर चढवली आणि कमानीच्या खाली, घोडीच्या पाठीपेक्षा उंच जागी एक पितळी पट्टी बसवली. दोन्ही दिवे, दोन्ही टेललॅम्प, प्रत्येकाची स्वतंत्र काळी वायर त्या पट्टीवर. थिंबल दाबून वर झाळ घातली, श्रिंक ट्यूब चढवली, पट्टीला व्हॅसलीन फासलं. गंजके यू-बोल्टही बदलायला सांगितले, ते हौदा निसटू नये म्हणून. दिव्याचा आणि त्यांचा आता काही संबंध उरला नव्हता.

एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण मग फ्यूज का उडत होता? अर्थ खराब असली तर करंट कमी होतो, वाढत नाही. फ्यूजचं दुखणं वेगळं होतं. वर जाणारी प्लसची वायर मी कमानी-कमानीने हाताने चाचपत गेलो. तिसऱ्या कमानीजवळ ताडपत्रीची दोरी आवळायला कोणीतरी सेल्फ टॅपिंग स्क्रू मारला होता, आणि तो बरोबर वायर जिथून जाते तिथे. स्क्रूने वायर फोडली नव्हती, तिची कातडी सोलली होती. वारा आला, ताडपत्री फडफडली की तांबं कमानीला टेकायचं. कापून बघितलं तर सोललेल्या जागेपासून वीतभर आत तारा काळ्या पडलेल्या. पाणी वायरच्या आतून चढत जातं, बाहेरचं इन्सुलेशन मात्र नव्यासारखं दिसतं. अशा ठिकाणी जोड देऊन टेप मारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं काम आत्ताच बांधून ठेवणं. चमकतं तांबं लागेपर्यंत कापत जायचं. ते लागेना तेव्हा मी आख्खी वायर बदलली आणि नव्या वायरीला कमानीच्या आतल्या अंगाने पाइप घातला. घोड्या वायर चावतात. मान किती वर जाते ते नानांकडून पाहून घेतलं आणि पाइप त्याच्याही वर ठेवला.

दिवे कुठे लावायचे यावर मात्र नानांनी मला शिकवलं. माझं म्हणणं, एक दिवा फाळक्याजवळ हवाच, चढवणाऱ्याला पायाखालचं दिसलं पाहिजे. नाना म्हणाले, "त्यो तिच्या डोळ्यात जातो. म्हनून ती अडती."

मी खाली वाकून घोडीच्या उंचीवरून पाहिलं. मागच्या कमानीवरचा दिवा थेट बाहेर तोंड करून होता. बाहेरून येणाऱ्याला तो दिपवत होता आणि त्याच्यामागे हौदा काळा दिसत होता. घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेडातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्याला जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वरातीतून, हॅलोजनच्या झगमगाटातून काढलेली घोडी अशा काळ्या तोंडासमोर आणली तर ती थांबणारच. ती हट्टी नसते, तिला तळ दिसत नसतो. आम्ही मागचा दिवा आत सरकवून तोंड खाली केलं, फक्त फळीवर आणि तळावर उजेड पडेल असा, आणि बल्बची जागा दिसणार नाही अशी वर पत्र्याची पट्टी लावली. पुढचा दिवा केबिनच्या भिंतीवर, म्हणजे घोडीने आत पाहिलं की सगळ्यात उजळ जागा समोर, तिच्या चंदीच्या तोबऱ्यापाशी. दोन्हींना पाच-पाच वॅटचे एलईडी. लुकलुकणारी रंगीत पट्टी नानांच्या पोराला हवी होती. ते मी नानांवर सोडलं आणि नानांनी पोराकडे नुसतं बघितलं.

पोराने मग कायदा काढला. मोबाईलमध्ये वाचून तो म्हणाला, घोड्यांची तोंडं डावीकडे, रहदारीच्या उलट बाजूला करून उभं करायचं असतं, आणि मधे बांबू हवा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत ते आहे खरं, बांबूही किमान आठ सेंटीमीटर जाडीचा सांगितलाय. पण ते ट्रकच्या हौद्याला धरून. नानांचा हौदा नऊ फूट बाय साडेपाच. साडेपाच फुटांत घोडी आडवी उभी राहतच नाही. दोघी केबिनकडे तोंड करून, मधे बांबू, आणि हेच एका परीने बरं, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात नाहीत. नंतरच्या मोटार वाहन नियमात एका घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा लागते. नानांच्या हौद्याचे साडेचारच्या वर भरतात, दोन घोड्या बसतात, तिसरी बसत नाही. एका मोठ्या लग्नाला तीन घोड्यांची मागणी आली होती तेव्हा नानांनी दुसरी गाडी केली होती, हा कायदा माहीत नसताना.

बांबूचा मुद्दा माझ्या कामाचा निघाला. बांबू मधोमध, म्हणून दिवा मधोमध लावला तर दोघींच्या अर्ध्या अंगावर सावली. पुढचा एक दिवा काढून दोन छोटे लावले, बांबूच्या दोन बाजूंना.

बॅटरीचा प्रश्न शेवटी राहिला. लग्नात घोडी तासन्‌तास कार्यालयाबाहेर उभी असते, पोरं हौद्यात दिवा लावून गप्पा मारतात, जेवायला जातात आणि दिवा तसाच. जुने दोन बल्ब रात्रभर आठ तास जळले तर २८ अँपिअर-अवर जातात, अर्ध्यावर आलेल्या जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं. सकाळी गाडी धक्का मारून चालू करायची. पहिल्या मिस्त्रीने त्यावर उपाय म्हणून दिव्याची वायर किल्लीवर घेतली होती. मग दिवा लावायचा तर किल्ली चालू ठेवायची, म्हणजे आजार गेला आणि औषधाने मारलं. मी तसं केलं नाही. वायर पुन्हा थेट बॅटरीवर घेतली, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, पाच अँपिअरचा. बटन दोन ठिकाणी, एक केबिनमध्ये आणि एक मागे फाळक्याजवळ बाहेरून, पावसाचं रबरी टोपीचं. जिन्यावरच्या दिव्यासारखं कुठूनही लावा, कुठूनही विझवा. आणि ड्रायव्हरच्या समोर एक लाल बारीक दिवा, मागचा दिवा चालू आहे तोवर लागणारा. आता तीन एलईडी मिळून सव्वा अँपिअरच ओढतात. विसरले तरी रात्र निघते.

हे सगळं झाल्यावर दोघींना पुन्हा चढवलं, पोराला ब्रेक, इंडिकेटर, हेडलाइट सगळं एकदम लावायला सांगितलं आणि मी मीटर धरला. अर्थवर ०.०८. नानांनी मीटरमध्ये डोकावून विचारलं, "ह्यो आकडा चांगला का वंगाळ?" चांगला म्हटल्यावर त्यांनी पोराला मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढायला लावला.

वेल्ह्याला जायच्या आधी आणखी दोन मागण्या आल्या. मे महिन्यात आत उकडतं म्हणून एक पंखा, आणि पोराला मोबाईल चार्जर, दोन्ही त्या दिव्याच्याच वायरवर. मी नाही म्हटलं. पंख्याला वेगळी वायर, वेगळा फ्यूज, आणि तो घोडीच्या शेपटीच्या आवाक्याबाहेर. चार्जर केबिनमध्ये. नानांना वाटलं मी बिल वाढवतोय. थोडी बोलाचाली झाली, शेवटी पंख्याचं पुढच्या खेपेवर ठरलं. पैसे निम्मे तेव्हा दिले, निम्मे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघाले की. दिले त्यांनी, पंखा घेऊनच आले होते.